शब्दाचे वजन : मिसिसिपीतील स्वातंत्र्यशाळा आणि कृष्णवर्णीय मुलांची बोली

राजसत्ताच ज्यांच्या विरोधात उभी आहे अशा समाजातील वाढत्या वयाच्या मुलांचे मन निरोगी कसे राहावे आणि उद्याविषयीची त्यांची उमेद कशी टिकावी, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राचा व समाजशास्त्राचा समजला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय समाजाला तो पिढ्यान् पिढ्या सोडवावा लागला आहे, आणि त्याविषयीचे विवेचनही बहुतांशी ह्याच दोन शास्त्रांच्या परिभाषेत झालेले आहे. परंतु ह्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा भाग भाषेचा आहे. मुलाने काय बोलावे, कोणत्या बोलीत बोलावे, त्याच्या बोलण्याला उत्तर मिळावे की दटावणी, आणि त्याचे बोलणे बरोबर की चूक हे कोणी ठरवावे, ह्या गोष्टींशी त्याच्या उमेदीचा निकटचा संबंध असतो. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात भरलेल्या स्वातंत्र्यशाळा हे ह्याचे बोलके उदाहरण होय. त्या शाळांची, आणि पुढील काळात कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीविषयी जे वाद झाले त्यांची, ह्या दृष्टीने ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेविषयी थोडे. जुन्या मराठी लेखनात ह्या समाजाला ‘नीग्रो’ म्हणत. त्या काळी अमेरिकेतही तो शब्द शिष्टसंमत होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९३० मध्ये त्याचे आद्याक्षर मोठे छापण्याचे ठरविले तेव्हा तो एक विजय मानला गेला. १९६० नंतरच्या दशकात तरुण पिढीने तो शब्द टाकला आणि पूर्वी हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘ब्लॅक’ हा शब्द अभिमानाने उचलला. त्याचेही आद्याक्षर मोठे छापण्याचा निर्णय असोशिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेने २०२० मध्ये घेतला. देवनागरीत मोठे अक्षर नाही. त्यामुळे नव्वद वर्षांच्या ह्या झगड्याचा एक मोठा भाग मराठीत उतरतच नाही. येथे ‘कृष्णवर्णीय’ हा रूढ शब्द वापरला आहे.

मिसिसिपीत १९६४ पूर्वी मतदार म्हणून नाव नोंदविणे ही एक भाषिक परीक्षा होती. राज्याच्या १८९० च्या घटनेपासून चालत आलेल्या, आणि १९५० नंतरच्या दशकात अधिक कडक केलेल्या, नियमांनुसार अर्जदाराला राज्यघटनेतील एखादे कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे. कलम कोणते द्यायचे हे नोंदणी-अधिकारी ठरवी; दिलेला अर्थ समाधानकारक आहे की नाही हेही तोच ठरवी. पदवीधर कृष्णवर्णीय शिक्षक ह्या परीक्षेत अनुत्तीर्ण होत आणि जेमतेम साक्षर गौरवर्णीय उत्तीर्ण होत. परिणाम असा की मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी सात टक्क्यांहूनही कमी लोकांची नावे यादीत होती. अर्थनिर्णयाचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता, हा सिद्धान्त इतक्या उघड्या स्वरूपात क्वचितच पाहावयास मिळतो.

मुलांच्या शाळांची अवस्था ह्याला अनुरूपच होती. राज्य एका गौरवर्णीय विद्यार्थ्यामागे जो खर्च करी तो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यामागील खर्चाच्या जवळजवळ चौपट होता. डेल्टा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कापसाच्या मुलुखात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा ऐन उन्हाळ्यात भरत, कारण शरद ऋतूत त्या मुलांचे हात वेचणीला हवे असत. परंतु ह्याहून खोल इजा वेगळीच होती, आणि ती चार्ल्स कॉब ह्या तरुणाने नेमकी हेरली. हॉवर्ड विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून तो ‘स्निक’ ह्या संक्षिप्त नावाने प्रसिद्ध असलेल्या विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीचे काम करण्यासाठी मिसिसिपीत आला होता. १९६३ च्या अखेरीस, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने उन्हाळी शाळांची योजना लिहून मांडली. इमारती व पुस्तके कमी आहेत ही त्याची मुख्य तक्रार नव्हती. ह्या राज्यात कृष्णवर्णीय मुलाने प्रश्न विचारणे हाच अपराध ठरतो, आणि वर्गात गप्प राहण्याची सवय पुढे जन्मभराची होते, हे त्याचे निदान होते. त्यावरचा उपायही त्याने त्याच निदानातून काढला : जेथे प्रश्न विचारणे हेच काम असेल अशी शाळा.

मार्च १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे अभ्यासक्रम ठरविण्यासाठी परिषद भरली. त्या वेळी अटलांटाच्या स्पेलमन महाविद्यालयात इतिहास शिकविणारे स्टॉटन लिंड ह्यांच्याकडे शाळांचे संचालन सोपविण्यात आले. ओहायोतील ऑक्सफर्ड गावी स्वयंसेवकांना शिक्षण देण्यात आले. त्या उन्हाळ्यात मतदारनोंदणी, शाळा इत्यादी सर्व कामांसाठी मिळून सुमारे हजार स्वयंसेवक मिसिसिपीत गेले. त्यांतील बहुतेक उत्तरेकडील गौरवर्णीय विद्यार्थी होते. पहिली तुकडी पोहोचते न पोहोचते तोच २१ जून रोजी नेशोबा परगण्यातील फिलाडेल्फिया गावाजवळ जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तीन कार्यकर्ते नाहीसे झाले. त्यांची प्रेते ४ ऑगस्टला मातीच्या एका बांधाखाली सापडली. म्हणजे शाळा सुरू झाल्या तेव्हा मुलांना आणि शिक्षकांना ह्या तिघांचे काय झाले असेल ह्याची अटकळ होती. तरीही, हजारभर मुले येतील अशी अपेक्षा असताना दोन हजारांहून अधिक आली. चाळीसच्या वर शाळा निघाल्या. बहुतेक चर्चच्या तळघरांत, काही घरांच्या ओट्यांवर, काही झाडाखाली. हॅटिसबर्ग येथे नाव नोंदविण्यास इतकी गर्दी झाली की मुलांबरोबर आजी-आजोबांच्या वयाची माणसेही रांगेत उभी होती.

ह्या शाळांत वाचन, गणित, लेखन हे विषय होतेच. फ्रेंच आणि टंकलेखन ह्यांनाही मागणी होती, कारण गौरवर्णीयांच्या शाळांत ते शिकवितात हे मुलांना माहीत होते. पण अभ्यासक्रमाचा कणा होता तो नागरिकत्वाचा भाग, आणि तो प्रश्नरूप होता. बहुसंख्य समाजाजवळचे काय आपल्याला हवे आहे, त्याच्याजवळचे काय नको आहे, आणि आपल्याजवळचे काय राखून ठेवावेसे वाटते, असे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा निरनिराळ्या विषयांना लावून विचारावयाचे होते. उत्तर शिक्षकाच्या हातातील कागदावर नव्हते.

तिसरा प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा आहे. वंचित मुलांच्या शिक्षणाचा विचार करणारे लोक बहुधा पहिल्या प्रश्नावर थांबतात : ह्यांना काय नाही आणि ते कसे द्यावे. तिसरा प्रश्न मुलाजवळ काही राखण्याजोगे आहे हे गृहीत धरतो. मराठी वाचकाला ह्यात आणखी एक गोष्ट दिसेल, जी इंग्रजीत सहज दिसत नाही. इंग्रजीत ‘वी’ हे एकच सर्वनाम आहे. मराठीत ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ अशी दोन आहेत. वर्गासमोर उभा असलेला उत्तरेकडील गौरवर्णीय तरुण हा प्रश्न विचारताना जो ‘वी’ उच्चारी, तो कोणता? त्याने ‘आपण’ म्हणावे हा त्याला खरोखर अधिकार होता काय? आणि मुलांनी उत्तर देताना ‘आम्ही’ म्हटले तर शिक्षक वर्गाबाहेर पडत होता. भाषेने झाकून ठेवलेली ही अडचण वर्गात मात्र उघडी पडत असे. ऑगस्टअखेर आपल्या विद्यापीठात परत जाणारा शिक्षक आणि त्याच गावात राहणारी मुले ह्यांच्या धोक्यात समानता नव्हती. चांगल्या वर्गांत हे झाकले गेले नाही. त्यावरच चर्चा झाली.

मुले बोलू लागली ह्याचा पुरावा त्यांच्या लेखनात आहे. बहुतेक शाळांनी स्वतःची वार्तापत्रे काढली. मॅकोम्ब येथील पत्राचे नाव ‘फ्रीडम्स जर्नल’ होते. अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय वृत्तपत्र १८२७ मध्ये ह्याच नावाने निघाले होते, तेव्हा हे नाव म्हणजे इतिहासाचा धडा नीट पोहोचल्याची पावतीच. त्याच मॅकोम्बमध्ये ८ जुलैच्या पहाटे कार्यकर्त्यांच्या निवासावर बाँब पडला. चर्चची मंडळी घाबरली. वर्ग भरविण्यास जागा मिळेना, म्हणून ते उघड्यावर, गवतावर भरले. पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावातील वडीलधाऱ्यांना उद्देशून कविता लिहिली. तिचा सूर विनवणीचा नव्हता, जाब विचारण्याचा होता. ती लोकांना वाचून दाखविण्यात आली, आणि पुढे वर्गांना चर्चचे दार उघडले. हॅटिसबर्गच्या मुलांनी १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा साचा घेऊन, त्यात इंग्लंडच्या राजाच्या जागी स्वतःच्या राज्याला बसवून, आपला जाहीरनामा लिहिला. होली स्प्रिंग्ज येथील मुलांनी जून १९६३ मध्ये जॅक्सन शहरी स्वतःच्या दारात गोळी घालून मारल्या गेलेल्या मेड्गर एव्हर्स ह्यांच्या जीवनावर नाटक रचले. त्याचे संवाद त्यांनी स्वतः बोलून बोलून बसविले.

७ ऑगस्टपासून तीन दिवस मेरिडियन येथे सर्व शाळांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. मेरिडियन हे जेम्स चेनीचे गाव. त्याचा अंत्यविधी व स्मरणसभा त्याच दिवशी त्याच गावी झाली. मुले परिषदेला आली ती अशा वातावरणात. परिषद मुलांनीच चालविली. निवास, आरोग्य, शिक्षण, नोकऱ्या, मळ्यांवरील कुळांची स्थिती, पोलिस, मतदान ह्यांवर त्यांनी एकेक कलम चर्चेला घेऊन ठराव केले. त्यांत नगराच्या देखभालीवर एक भाग होता आणि परराष्ट्रधोरणावरही एक होता. ज्या मुलांच्या आईवडिलांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत नव्हते ती परराष्ट्रधोरणावर ठराव करीत होती. ह्याला कोणी बालिशपणा म्हणेल. पण ज्याला आपले मत विचारलेच जात नाही त्याने आधी गटाराबद्दल आणि मग कधीतरी जगाबद्दल बोलावे, हा क्रम कोणी घातला?

त्याची किंमत मुलांनी चुकविली. शरद ऋतूत सरकारी शाळा सुरू झाल्या तेव्हा फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय हायस्कुलात काही विद्यार्थी ‘एक माणूस, एक मत’ असा मजकूर असलेले बिल्ले छातीवर लावून आले, आणि बिल्ले काढण्यास नकार देणाऱ्यांना घरी पाठविण्यात आले. हे गाव तेच, ज्याच्याजवळ तिघांचे खून झाले होते. प्रकरण न्यायालयात गेले. १९६६ मध्ये पाचव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला : शाळेच्या कामात खराखुरा व्यत्यय येत नसेल तर असे शब्द धारण करण्यास बंदी घालता येत नाही. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने इसाक्वीना परगण्यातील बिल्ल्यांच्या दुसऱ्या प्रकरणात गोंधळ झाल्याचे कारण देऊन मुलांच्या विरुद्ध निकाल दिला, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या निकालातील कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये उचलली, आणि तेव्हापासून तेथील सर्व विद्यार्थ्यांच्या भाषणस्वातंत्र्याचा ती आधार झाली. ह्या आधाराचा उगम मिसिसिपीतील कृष्णवर्णीय मुलांच्या छातीवरच्या बिल्ल्यात आहे, हे बहुधा विसरले जाते.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रसंग मात्र पुढच्या वर्षीचा, फेब्रुवारी-मार्च १९६५ मधील आहे. मिसिसिपीच्या समुद्रकाठी वेव्हलंड येथे तरुण कार्यकर्त्यांसाठी अभ्यासवर्ग भरला होता. तेथे स्टोकली कार्मायकेल ह्यांनी एक तास घेतला, आणि जेन स्टेंब्रिज ह्या कवयित्री कार्यकर्तीने त्याची टिपणे ठेवली. कार्मायकेल ह्यांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढून डावीकडे चार आणि उजवीकडे चार वाक्ये लिहिली. डावीकडची मुलांच्या बोलीतली : अनेकवचनी नामाला पुन्हा अनेकवचनाचा प्रत्यय लागलेली, क्रियापदाला सर्व पुरुषांत एकच प्रत्यय लावणारी, मतदारनोंदणीच्या क्रियापदाचे स्थानिक उच्चाराप्रमाणे रूप असलेली. उजवीकडची तीच वाक्ये शाळेतल्या इंग्रजीत. मग त्यांनी केवळ विचारले, ह्यांविषयी तुम्हांला काय वाटते?

प्रथम ठरलेले उत्तर आले : डावीकडची चूक आहेत. चूक कोणी ठरविली? शिक्षकांनी, पुस्तकांनी. डावीकडच्या वाक्यांचा अर्थ कळतो का? कळतो. तुमच्या गावात असे बोलणारे अधिक की तसे बोलणारे? असे. देशात उजवीकडच्यासारखे हुबेहूब बोलणारे किती? थोडे. मग थोड्यांनी ठरविलेले सर्वांना का लागू? तासाभरात मुले व्याकरणातून सत्तेच्या प्रश्नापर्यंत पोहोचली, आणि ती स्वतःच्या पायांनी पोहोचली. एका मुद्द्यावर मात्र मुले अडून बसली : डावीकडच्यासारखे बोलले की समाजात लाज वाटते. ही लाज त्यांनी नाकारली नाही आणि शिक्षकानेही ती पुसून टाकण्याचा प्रयत्न केला नाही. ती कोठून आली हे दाखविले, इतकेच. स्टेंब्रिज ह्यांच्या टिपणांतून शिक्षकाचा जो गुण उठून दिसतो तो हाच की त्याने मुलांच्या उत्तराच्या पुढे धाव घेतली नाही.

डावीकडची वाक्ये ‘चूक’ नसून वेगळ्या व्याकरणाची आहेत हे त्या तासाला सिद्ध करावयाचे नव्हते. ते काम त्याच सुमारास भाषाविज्ञानात सुरू होते. कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत ‘ही ॲट वर्क’ आणि ‘ही बी ॲट वर्क’ अशी दोन वाक्ये आहेत. शाळामास्तर दोन्हीकडे ‘आहे’चे रूप चुकले म्हणून तांबडी रेघ ओढील. पण मराठी बोलणाऱ्याला ह्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. पहिल्याचा अर्थ ‘तो कामावर आहे’ आणि दुसऱ्याचा ‘तो कामावर असतो’. ‘आहे’ आणि ‘असतो’ हा भेद मराठीच्या रचनेतच आहे. प्रमाण इंग्रजीत तो एका क्रियापदाने दाखविता येत नाही, ‘नेहमी’, ‘बहुधा’ असे शब्द जोडावे लागतात. तेव्हा ह्या एका बाबतीत ‘अशुद्ध’ बोलणाऱ्या मुलाचे व्याकरण शुद्ध बोलणाऱ्यापेक्षा बारीक आहे. पहिल्या वाक्यातील क्रियापदाचा लोपही मनमानी नसतो. विल्यम लबॉव्ह ह्यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की प्रमाण इंग्रजीत ज्या जागी ह्या क्रियापदाचा संक्षेप होऊ शकतो त्याच जागी ह्या बोलीत त्याचा लोप होऊ शकतो, अन्यत्र नाही. ‘हा माझा भाऊ’, ‘त्याचे नाव गोविंद’ अशी क्रियापदावाचून पूर्ण होणारी वाक्ये मराठीतही आहेत, आणि त्यांना कोणी विचारशक्तीचा अभाव म्हणत नाही.

विचारशक्तीचा अभाव हा शब्दप्रयोग येथे अतिशयोक्त नाही. १९६० नंतरच्या दशकात काही शिक्षणशास्त्रज्ञांचे असे प्रतिपादन होते की गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय मुलांजवळ म्हणण्यासारखी भाषाच नसते. त्याचा पुरावा म्हणून मुलाखतींतील त्यांच्या एकाक्षरी उत्तरांकडे बोट दाखविले जाई. हा पुरावा कसा तयार होतो हे लबॉव्ह ह्यांच्या हार्लेममधील कामातून उघड झाले. आठ वर्षांच्या एका मुलाला त्यांच्या सहकाऱ्याने प्रश्न विचारले. सहकारी स्वतः कृष्णवर्णीय आणि हार्लेममध्येच वाढलेला होता. तरीही मुलाने ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ ह्यांपलीकडे फारसे काही उच्चारले नाही. पुढच्या खेपेला त्याने बटाट्याच्या काचऱ्यांची पुडी आणली, मुलाच्या जिवलग मित्राला बोलावले, स्वतः जमिनीवर बसला, आणि वडीलधाऱ्यांसमोर उच्चारू नयेत असे काही शब्द आधी स्वतःच उच्चारले. तोच मुलगा आता मित्राचे बोलणे तोडून बोलू लागला. मुलात ह्या दोन भेटींच्या दरम्यान काहीही बदलले नव्हते. बदलली होती ती मोठ्या माणसाची उंची आणि बोलण्यातला धोका. गप्प मुलाला भाषा येत नाही असे नव्हे. ज्या परिस्थितीत आपले प्रत्येक वाक्य आपल्याविरुद्ध वापरले जाईल तेथे गप्प बसणे हेच शहाणपणाचे असते, आणि मिसिसिपीतील मूल हे आठव्या वर्षाच्या आधीच शिकत असे.

येथे मानसशास्त्रातील एका जुन्या मताचा विचार करणे प्राप्त आहे. केनेथ व मेमी क्लार्क ह्या दांपत्याने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या व तपकिरी बाहुल्या ठेवल्या. सुमारे दोनतृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. १९५४ च्या ‘ब्राउन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला तेव्हा ह्या कामाचा एका टीपेत निर्देश केला. निकाल थोर होता, परंतु त्याबरोबर एक प्रतिमाही रूढ झाली : आतून मोडलेले, स्वतःविषयी तिरस्कार बाळगणारे कृष्णवर्णीय मूल. पुढे मॉरिस रोझेनबर्ग आणि रॉबर्टा सिमन्स ह्यांनी बाल्टिमोरमधील शाळकरी मुलांची पाहणी करून १९७१ मध्ये प्रसिद्ध केली, तीत कृष्णवर्णीय मुलांचा आत्मादर गौरवर्णीय मुलांपेक्षा कमी आढळला नाही. मूल स्वतःला जोखते ते दूरच्या शत्रूच्या नजरेतून नव्हे, तर आई, मित्र, शिक्षक अशा जवळच्या माणसांच्या नजरेतून, हे त्याचे एक कारण. रॉबर्ट सेलर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर केलेल्या अभ्यासांत आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. भेदभावाचा अनुभव मनःस्वास्थ्य बिघडवितो हे खरेच. पण बहुसंख्य समाजाचे आपल्याविषयीचे मत चांगले आहे असे मानणाऱ्या तरुणांना तो अनुभव अधिक लागतो, आणि ते मत चांगले नाही हे आधीच ओळखून असणाऱ्यांना तुलनेने कमी. मुलांपासून वस्तुस्थिती लपविली म्हणजे त्यांची उमेद राखली असे समजणाऱ्या वडीलधाऱ्यांना हा निष्कर्ष गैरसोयीचा आहे. स्वातंत्र्यशाळांनी मुलांना राज्याच्या अन्यायाचा हिशेब आकड्यांनिशी सांगितला, आणि त्याच तासाला त्यांचे त्यावरचे म्हणणे विचारले. ह्या दोन गोष्टी एकत्र होत्या, म्हणून पहिली सोसली.

बोलीचा प्रश्न न्यायालयात गेला तो मिशिगन राज्यातील ॲन आर्बर ह्या विद्यापीठाच्या गावी. तेथील मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचे नाव दिलेल्या एका प्राथमिक शाळेत बहुसंख्य मुले सुखवस्तू गौरवर्णीयांची होती; जवळच्या ग्रीन रोड वसाहतीतील थोडी गरीब कृष्णवर्णीय मुले तेथे येत. त्यांतील काहींवर शिकण्यास असमर्थ असा शिक्का बसला. त्यांच्या मातांनी १९७७ मध्ये दावा लावला. जिनीव्हा स्मिदरमन ह्या कृष्णवर्णीय भाषाभ्यासक विदुषी वादींच्या प्रमुख तज्ज्ञ होत्या; लबॉव्ह ह्यांचीही साक्ष झाली. १२ जुलै १९७९ रोजी न्यायाधीश चार्ल्स जॉयनर ह्यांनी मातांच्या बाजूने निकाल दिला. ह्या निकालाविषयी एक गैरसमज कायम आहे, की न्यायालयाने कृष्णवर्णीयांची बोली शिकविण्याचा हुकूम केला. तसे नाही. मुलांनी प्रमाण इंग्रजी वाचावयास शिकले पाहिजे हे सर्वांनाच मान्य होते, मातांना तर सर्वांत अधिक. न्यायाधीशांनी अडथळा शोधला तो मुलांच्या तोंडात नव्हे, शिक्षकांच्या कानात. शिक्षक नकळत त्या बोलीला मंदबुद्धीचे लक्षण मानीत, आणि मूल तेवढे चटकन ओळखी. म्हणून शिक्षण द्यावयाचे ते शिक्षकांना, असा निकालाचा आशय होता. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला पाण्याविषयी काय सांगायचे आहे हे ऐकण्यापूर्वीच ‘णी’ म्हणायला लावणारे शिक्षक आपल्याकडेही अपरिचित नाहीत.

१८ डिसेंबर १९९६ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या शिक्षणमंडळाने ह्याच दिशेचा ठराव केला, तेव्हा देशभर टिंगलीचे मोहोळ उठले. ठरावाची शब्दयोजना ढिसाळ होती. बोलीचा संबंध वंशाच्या जननाशी जोडल्यासारखा वाटणारा एक शब्द तर अक्षम्य होता, आणि महिन्याभरात तो काढावा लागला. पण टिंगल झाली ती ह्या शब्दाची नव्हे, मुलांच्या बोलण्याची. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेच्या भाषावैज्ञानिक संस्थेने ही बोली नियमबद्ध आहे असे ठरावाने जाहीर केले. विद्वत्सभेचा ठराव आणि दूरदर्शनवरील विनोद ह्यांच्या स्पर्धेत कोण जिंकले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

मराठी वाचकाला हा इतिहास सर्वस्वी परका नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या लोकांना. आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर ह्या पक्षावरून घेतले. मॅकोम्बच्या मुलीची कविता वाचताना फुल्यांच्या शाळेतील मुक्ता ह्या किशोरवयीन मातंग विद्यार्थिनीची आठवण होणे साहजिक आहे. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. साम्य दाखवून येथेच थांबणे बरे, कारण दोन्ही समाजांच्या इतिहासातील भेदही लहान नाहीत.

१९६४ मध्ये शाळा जेथे भरल्या तेथे त्या पुन्हा भरू लागल्या आहेत. वंशभेदाविषयी वर्गात काय शिकवावे ह्यावर निर्बंध घालणारे कायदे २०२१ पासून अनेक राज्यांनी केले. फ्लोरिडात कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकविला पाहिजे असा कायदा १९९४ पासून आहे. तरी जानेवारी २०२३ मध्ये तेथील शिक्षणखात्याने हायस्कुलातील आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा प्रगत पाठ्यक्रम नाकारला. त्यावर त्या राज्यातील अनेक कृष्णवर्णीय चर्चांनी हा इतिहास आपल्या आवारातच शिकवावयास आरंभ केला. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रसरकारनेही ह्याच निर्बंधांच्या दिशेचा आदेश काढला. वैरभाव पुन्हा कायद्याच्या भाषेत बोलत आहे.

स्वातंत्र्यशाळा हे नाव आज चालविते ती मुख्यतः चिल्ड्रन्स डिफेन्स फंड ही संस्था. तिच्या संस्थापिका मेरियन राइट एडेलमन ह्यांनी तरुणपणी मिसिसिपीतच वकिली केली होती. १९९५ पासून ह्या शाळा उन्हाळ्याच्या सुटीत निरनिराळ्या राज्यांत भरत आल्या आहेत. सकाळच्या पहिल्या सभेला त्या ‘हरांबे’ म्हणतात. हा स्वाहिली शब्द असून, सर्वांनी मिळून ओढू या, असा त्याचा अर्थ आहे. केनियाच्या स्वातंत्र्यानंतर तो त्या राष्ट्राचे घोषवाक्य झाला. स्वाहिली ही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याची भाषा, आणि अमेरिकेत गुलाम म्हणून नेलेल्यांपैकी बहुतेक पश्चिम व मध्य आफ्रिकेतले. तेव्हा वंशावळीच्या काटेकोर दृष्टीने ही निवड चुकीची ठरेल. परंतु ज्यांच्याकडून पूर्वजांच्या भाषांची नावेसुद्धा हिरावली गेली त्यांनी एखादा शब्द वारशाने न मिळता निवडून घेतला, तर त्यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे? सभेत गाणी होतात, घोषणा होतात, गावातील कोणी वडील माणूस येऊन पुस्तक मोठ्याने वाचून दाखवितो. मग ज्याला इच्छा असेल ते मूल उभे राहते आणि दुसऱ्या कोणी केलेली चांगली गोष्ट त्याचे नाव घेऊन सर्वांसमोर सांगते. त्यानंतर क्षणभर शांतता पाळतात, आणि मुले आपापल्या वर्गात वाचावयास जातात.